रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची

ब्रिटनने १९९३ च्या कायद्यान्वये रेल्वेचे खासगीकरण करताना रूळ ‘रेलट्रॅक’ या एका कंपनीकडे, डबे भाड्याने देणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांकडे आणि गाड्या चालवणे पंचवीस कंत्राटदारांकडे सोपवले. परिणामी गाडी उशिरा आली की प्रवाशाच्या खोळंब्यापेक्षा दोष कोणाच्या माथी मारायचा, याचाच हिशेब अधिक काटेकोरपणे होऊ लागला. ऑक्टोबर २००० मध्ये हॅटफील्डजवळ तडे गेलेला रूळ तुटून चार जण दगावले, आणि असे तडे आणखी कोठे आहेत याची नीट माहितीच रेलट्रॅककडे नसल्याने देशभर वेगमर्यादा लादाव्या लागल्या. मे २०१८ मधील नव्या वेळापत्रकाचा बोजवारा मला म्हणूनच आश्चर्यकारक वाटला नाही. चालकांना नव्या मार्गांचे पुरेसे प्रशिक्षणच मिळाले नव्हते. भाडेवाढ मात्र (हे सांगायला नकोच) सहसा वेळेवर होत राहिली.