सुपरबारियोचा पोशाख, नोंद तिसरी: पोट तसंच राहणार

मुखवटा झाला. खरं तर दोन झाले, पहिला आता शिलाई मशीन पुसायला वापरतोय.

मागच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. 19 सप्टेंबर 1985 च्या भूकंपाने मेक्सिको सिटीत असंख्य लोक बेघर झाले. जी जुनी घरं उभी राहिली, त्यांतूनही भाडेकरूंना हुसकावणं सुरू होतं. 1987 मध्ये भाडेकरूंच्या मोर्च्यांत एक मुखवटेवाला दिसू लागला, नाव सुपरबारियो. त्याचाच पोशाख मी शिवतोय. तिकडच्या लुचा लिब्रे कुस्तीतल्या पैलवानासारखा लाल-पिवळा वेश, पाठीवर केप, छातीवर एस आणि बी. बारियो म्हणजे वस्ती. कुणाचं घर रिकामं करायला माणसं आली की हा तिथे हजर. अधिकाऱ्यांशी बोलणीही मुखवट्यातच. तो सांगायचा की एके दिवशी खोलीत लाल-पिवळा प्रकाश पसरला, आणि ओसरल्यावर पाहतो तर अंगावर हा पोशाख! 1996 मध्ये त्याने अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा लुटुपुटूचा प्रचारही केला.

उडणं नाही, अंगात कसली शक्ती नाही. चांगलं सुटलेलं पोट मात्र होतं.

इथेच माझा ओळखीच्या कॉस्प्लेवाल्यांशी, म्हणजे आवडत्या पात्रांचे वेश करून मिरवणाऱ्यांशी, वाद आहे. तिघांनी तरी सांगितलं, आतून फोमचे स्नायू लाव, फोटोत भारदस्त दिसशील. मी पाच मिलिमीटरचा फोम कापून छाती करूनही बघितली. आरशात जो दिसला तो कुठलाही हिरो असू शकला असता, सुपरबारियो नक्कीच नव्हता. फोम काढला. पोट माझं स्वतःचं आहे, त्याला खर्चही नाही.

आता मुखवटा. डोक्याचा घेर 58 सेंटिमीटर, म्हणून पहिला पॅटर्न मी 58 चाच बेतला. चूक. लायक्रा ताणलं जातं, त्यामुळे मुखवटा उशीच्या अभ्र्यासारखा लोंबायला लागला. दुसरा 52 चा कापला आणि कापडाचा जास्त ताण डोक्याभोवती आडवा येईल असा ठेवला. चेहऱ्यावर नीट बसला. साधी सरळ शिलाई घालू नका, डोक्यातून ओढताना दोरा तटातट तुटतो. बारीक झिगझॅग आणि बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची सुई. डोळ्यांभोवतीची पिवळी पट्टी रेक्झिनची आहे. ते मशीनच्या पायाला चिकटून जागचं हलेना, म्हणून वर बटर पेपर ठेवून शिवलं आणि मग कागद फाडून काढला. ही युक्ती आईची. तिने आयुष्यभर ब्लाउज शिवले, पण मुलासाठी हे शिवायला मदत करावी लागेल असं तिला वाटलं नसावं.

मागे नाडीसाठी दोन्ही बाजूंना सहा-सहा रिंगा ठोकल्या. रिंगांखाली कापडाची दुहेरी पट्टी घातलीच पाहिजे, नाहीतर नाडी आवळताना लायक्रा फाटतं. नाडीच्या आतल्या बाजूला बुटाला असते तशी जीभ लावली, केस अडकू नयेत म्हणून.

चष्म्याचा प्रश्न सुटलेला नाही. मुखवट्यावरून घातला तर घसरतो, आतून घातला तर काड्या कानशिलात रुततात. परवा चष्म्याशिवाय, सगळा वेश चढवून गच्चीवर गेलो आणि पाण्याच्या टाकीला नमस्कार केला. मला वाटलं तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आहेत. काकू खरं तर मागे कपडे वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "कोण रे तू? आणि आलाच आहेस तर ती लिफ्ट कधी सुरू होणार ते विचार ना सोसायटीत."

केप सॅटिनची घेतली, फार घसरते, खांद्याला प्रेस बटणं लावून बघणार आहे. बूट राहिलेत. जुन्या गमबुटांना लाल रंग दिला होता, पण पाय वाकवला की त्याचे पोपडे निघतात. रबरावर टिकणारा रंग कुणी वापरला असेल तर सांगा. लिफ्टबद्दल रविवारच्या मीटिंगमध्ये विचारणार आहे, तेव्हा मुखवटा घालायचा की नाही ते ठरलेलं नाही.