कपाट तसंच राहिलं

आज कपाट आवरायला घेतलं आणि तळाशी ईसी कॉमिक्सच्या, म्हणजे १९५०च्या दशकातल्या अमेरिकन भयकथा-विज्ञानकथांच्या चित्रकथांच्या, पुनर्मुद्रणांचा गठ्ठा सापडला. मीच कधीतरी हौसेनं घेतलेला आणि साफ विसरलेला. झालं, आवराआवर संपली!

खरं सांगू? भुतांच्या गोष्टींनी आता भीती वाटत नाही. शेवटची कलाटणी दुसऱ्या पानावरच कळते. पण चित्रकार वॉली वूडची अंतराळयानं! एकेक नळी, एकेक बटण बघण्यात तास गेला.

मग १९५३ची 'जजमेंट डे' हाती लागली. नारिंगी यंत्रमानव निळ्यांना दुय्यम वागवतात, म्हणून पृथ्वीचा तपासनीस त्या ग्रहाला आकाशगंगेच्या संघात घ्यायला नकार देऊन परत निघतो. यानात शिरस्त्राण काढतो, तर तो कृष्णवर्णीय. १९५४ साली आलेल्या कॉमिक्स कोडला (प्रकाशकांनी स्वतःच घालून घेतलेली सेन्सॉरची नियमावली) शीर्षकात 'हॉरर' हा शब्दसुद्धा चालत नव्हता (भुतांपेक्षा शब्दालाच घाबरले बिचारे). ही कथा पुन्हा छापायची वेळ आली तेव्हा कोडवाल्यांना त्या तपासनिसाचा वर्णच बदलून हवा होता. प्रकाशक बिल गेन्स अडून बसला आणि कथा आहे तशीच छापली.

ती शेवटची चौकट मी तीनदा पाहिली. त्याच्या चेहऱ्यावरच्या घामाच्या थेंबांत तारे चमकतात.

कपडे अजून पलंगावरच आहेत.