.३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरसाठी काडतूस ठरवताना: माझा अनुभव

चार इंची नळी, स्थिर साइट आणि सहा घरांचं (काडतूस बसायच्या पोकळ्यांचं) सिलिंडर असलेलं .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हर विसाव्या शतकात अमेरिकी पोलिसांच्या कमरेला अनेक दशकं होतं. अशा जुन्या रिव्हॉल्व्हरसाठी स्वसंरक्षणाचं काडतूस नक्की करताना मी ज्या क्रमाने गेलो, तो इथे देतोय. डब्यावर छापलेला वेगाचा आकडा या क्रमात बराच उशिरा येतो.

आधी नळीवर काय कोरलंय ते वाचायचं. .३८ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) आणि .३८ स्पेशल ही दोन वेगळी काडतुसं आहेत. पहिल्याची पुंगळी (दारू धरणारं पितळी कवच) आखूड पण जाड असते, त्यामुळे ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला गेलेली स्मिथ अँड वेसनची बरीच व्हिक्टरी मॉडेल रिव्हॉल्व्हरं .३८ एस अँड डब्ल्यूची होती. नंतर त्यांतल्या अनेकांची घरं खोल करून त्यांत .३८ स्पेशल बसवलं गेलं. अशा घराचा मागचा भाग सैलच राहतो. झाडल्यावर पुंगळी बुडाशी फुगते, कधी उभी फाटते. रिकामी पुंगळी अशी दिसली की ते हत्यार माहीतगार कारागिराकडे न्यायचं, पुढची निवड तिथेच थांबवायची. जास्त जोरदार .३५७ मॅग्नमची पुंगळी .३८ स्पेशलपेक्षा सुमारे ३.४ मिमी जास्त लांब असते. ही जादा लांबी १९३५ साली मुद्दाम ठेवली, म्हणजे ते काडतूस .३८ च्या घरात पूर्ण बसू नये.

पुढचा प्रश्न दाबाचा. अमेरिकेतल्या सामी या संस्थेच्या मानकात साध्या .३८ स्पेशलला १७,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आणि प्लस-पीला, म्हणजे जास्त दाबाच्या .३८ स्पेशलला, २०,००० पीएसआय कमाल दाब आहे. तुलनेसाठी, .३५७ मॅग्नमला ३५,०००. प्लस-पी-प्लस असं लिहिलेल्या डब्याला सामीचं कोणतंच मानक नाही. तो किती दाबाचा हे कारखान्यालाच ठाऊक, म्हणून जुन्या हत्यारासाठी मी ते यादीतूनच काढलं. स्मिथ अँड वेसनच्या मध्यम आकाराच्या फ्रेमवर मॉडेल क्रमांक १९५७ पासून पडू लागले. सिलिंडर बाहेर काढल्यावर योकच्या (सिलिंडर ज्या भागावर बाहेर झुलतं त्याच्या) खाचेत क्रमांक दिसत नसेल, तर त्यात प्लस-पी वापरू नये अशी कंपनीचीच सूचना आहे. जुन्या ॲल्युमिनियम फ्रेमबाबतही हाच नियम मी पाळतो, कारण तिथे झीज फ्रेमची होते आणि ती दुरुस्त होत नाही.

आता गोळी. मूळचा पोलिसी लोड (गोळी आणि दारूचा मेळ) म्हणजे १५८ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप), गोल नाकाची शिशाची गोळी, साधारण ७५५ फूट प्रति सेकंद. नेमाला उत्तम, घरात सहज घसरते, पण गोल नाकामुळे ती मांस बाजूला सारत आरपार जाते. पोलिसांची तक्रार हीच होती. त्यावर तीन दिशांनी उपाय झाले: २०० ग्रेनची जड, संथ ‘सुपर पोलीस’ गोळी, साठच्या दशकात ली जुरास यांच्या सुपर व्हेलची ११० ग्रेनची हलकी, वेगवान गोळी, आणि सत्तरच्या दशकात एफबीआयने घेतलेली १५८ ग्रेनची, खांदा (नाकामागे धारदार कड) असलेली, पोकळ टोकाची, आवरण नसलेली शिशाची प्लस-पी गोळी, कारखान्याच्या आकड्यानुसार ८९० फूट प्रति सेकंद.

माझा कौल या तिसऱ्या गोळीला आहे. तांब्याचं आवरण उघडायला वेग लागतो आणि .३८ कडे नेमका तोच कमी. मऊ शिसं कमी वेगातही पसरतं. कापडाने पोकळी बुजली आणि ती उघडलीच नाही, तरी सपाट नाकाची, धारदार खांद्याची १५८ ग्रेनची गोळी हातात उरते आणि ती पुरेशी खोल जाते. हलकी गोळी उघडली तर उथळ थांबण्याची भीती असते. एफबीआयच्या जिलेटिन चाचणीत (मांसाऐवजी जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी झाडून) १२ ते १८ इंच खोली मागतात, आणि ती मागणी मला रास्त वाटते. जिथे प्लस-पी चालत नाही किंवा धक्का सोसत नाही, तिथे साध्या दाबाचा १४८ ग्रेनचा वॉडकटर घ्यावा. पूर्ण सपाट नाक, सुमारे ७०० फूट प्रति सेकंद वेग, धक्का अगदी कमी.

रेंजवर पहिली पारख नेमाची. स्थिर साइट बहुधा १५८ ग्रेनसाठीच बसवलेली असते. हलकी, वेगवान गोळी नळीतून लवकर बाहेर पडते, तोवर धक्क्याने नळी कमी उचललेली असते, म्हणून ती खाली लागते. २०० ग्रेनची वर लागते. मूठ टेकवून, १५ यार्डांवरून, एकाच लॉटच्या काडतुसांचे पाच-पाच बारांचे गट पाडले की हे स्वच्छ दिसतं. साइट घासून गोळीशी जुळवण्यापेक्षा साइटशी जुळणारी गोळी घेणं केव्हाही बरं.

दुसरी पारख गोळी सरकण्याची, आणि हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये ती टाळूच नये. सगळी घरं भरायची. एका काडतुसाची लांबी आधी कॅलिपरने मोजून त्यावर खूण करायची. बाकीचे बार करून ते काडतूस काढायचं आणि पुन्हा मोजायचं. धक्क्याने पुंगळी मागे ओढली जाते, गोळी जागीच राहू पाहते. क्रिंप (पुंगळीच्या तोंडाची गोळीवरची पकड) ढिला असेल तर ती पुढे येते. .३८ स्पेशलची कमाल लांबी १.५५० इंच आहे. गोळीचं नाक सिलिंडरबाहेर आलं की सिलिंडर फिरतच नाही, आणि चाप कितीही ओढला तरी उपयोग नाही. लांबी ठळक वाढली तर तो लोड त्या हत्यारासाठी बाद.

पेटण्याची पारख डबल ॲक्शनमध्येच, म्हणजे घोडा हाताने न ओढता फक्त चाप ओढून, करावी. त्यात घोडा सिंगल ॲक्शनपेक्षा थोडा कमी मागे जातो, त्यामुळे ठोका हलका बसतो. चाप मऊ व्हावा म्हणून कोणी मुठीच्या पुढच्या बाजूचा स्ट्रेन स्क्रू (घोड्याच्या स्प्रिंगला ताण देणारा) सैल केलेला असतो. काडतुसं पेटली नाहीत की आधी तो घट्ट आहे का ते पाहावं. काडतूस न पेटल्यास नळी सुरक्षित दिशेला धरून ३० सेकंद थांबायचं. आवाज अगदी फुसका आला तर तिथेच थांबून, सिलिंडर रिकामं करून नळी तपासायची. अडकलेल्या गोळीमागे दुसरी गेली तर नळी फुगते किंवा फुटते.

भरणं आणि काढणं या गोष्टी काडतुसाच्या आकारावर ठरतात. स्पीडलोडरमधून (सगळी काडतुसं एकदम भरायच्या साधनातून) गोल नाक आपोआप घरात शिरतं. खांद्याची गोळी घराच्या कडेला अडते, लोडर किंचित हलवावा लागतो. वॉडकटर सर्वांत त्रासदायक, म्हणून सिलिंडरमध्ये वॉडकटर असला तरी लोडरमध्ये मी टोकदार आकाराचीच भरतो. पुंगळ्या काढताना नळी आकाशाकडे, आणि रॉडवर एकच जोरदार तडाखा. नळी आडवी राहिली की एखादी पुंगळी एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) ताऱ्याखाली घुसते. ती नखाने काढेपर्यंत हत्यार निकामी. न जळलेल्या दारूचे कण ताऱ्याखाली साचले तरी सिलिंडर जड होतं. टूथब्रशचा एक फटका पुरतो, पण तिथे तेल लावू नये, कण चिकटतात.

सराव त्याच लोडवर, निदान त्याच वजनाच्या आणि धक्क्याच्या काडतुसावर हवा. ५-६ एप्रिल १९७० च्या मध्यरात्री कॅलिफोर्नियात न्यूहॉल इथे महामार्ग पोलिसांचे चार जवान मारले गेले. त्यानंतर ज्या त्रुटींवर बोट ठेवलं गेलं, त्यांत .३८ वर सराव आणि कमरेला .३५७, ही एक होती. स्पीडलोडरचा प्रसारही त्याच धड्यातून वाढला.

रोज बाळगायची काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात कायम ठेवू नयेत. कातडी कमावताना वापरलेल्या आम्लांमुळे पितळेवर हिरवा थर चढतो आणि काडतूस घरात अर्ध्यावर अडकतं. घरं कोरडी पुसूनच भरायची. पातळ तेल प्राइमरभोवतीच्या (बुडाच्या पेटवणाऱ्या टिकलीभोवतीच्या) फटीतून आत झिरपून तो मारतं. आणि नव्या डब्यातलं प्रत्येक काडतूस बाळगण्याआधी रेंजवर, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, घरात घालून पाहायचं आणि सिलिंडर हाताने पूर्ण फिरवायचं. वर आलेला प्राइमर किंवा जाड कड मागच्या पाटीला घासते, ती बोटाला लगेच जाणवते.