आईचे सोळा सेकंद

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकाचा पडदा रात्री दहाच्या पुढे उघडतो आणि पडतो तेव्हा पहाट झालेली असते. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावच्या जत्रा, सुरू झाल्या की होळीपर्यंत गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरत असतात. अशाच एका नाटकाचं चित्रीकरण माझ्याकडे संकलनाला आलं. तीन कॅमेरे, साडेपाच तास, प्रत्येक कॅमेऱ्याचे सव्वाशे जीबी. कंपनीच्या मालकांना सव्वादोन तासांचं नाटक हवं होतं, मोबाइलवर बघता येईल असं.

निम्म्याहून जास्त कापायचं म्हटलं की लोक हळहळतात. पण देणग्यांच्या घोषणा, पडद्याआडची मांडामांड, वन्समोअरमुळे दोनदा झालेली गाणी एवढं काढलं तरी दीड तास सुटतो. खरी मेहनत त्याआधीच्या जुळणीत असते आणि तिचं मोल कोणी करत नाही. साउंडवाल्याच्या मिक्सरवरून घेतलेला आवाज आणि कॅमेऱ्याचं चित्र यांची घड्याळं वेगळी असतात. तासाला दोन फ्रेम सरकले तरी पहाटेपर्यंत अकरा फ्रेमचा फरक पडतो, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेम धरून जवळजवळ अर्धा सेकंद. म्हणून सुरुवातीला एकदा टाळीचा आवाज आणि चित्र जुळवून चालत नाही, दर प्रवेशाला नव्याने जुळवावं लागतं. मागच्या कॅमेऱ्याचं आणखी एक आहे. तो मंचापासून 35 मीटरवर होता. आवाजाला तेवढं अंतर कापायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. सॉफ्टवेअर आवाजावरून जुळवतं, त्यामुळे त्या कॅमेऱ्यात ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. ती क्लिप हाताने दोन-तीन फ्रेम पुढे ढकलावी लागते. हे न करता दर शॉटला चांदण्यांचे इफेक्ट उडवणारी मंडळी स्वतःला एडिटर म्हणवतात, याचा मला मनापासून राग येतो.

विनोदी प्रवेशांत हशा कापू नये. झाडीपट्टीचा नट हशा चढू देतो, उतरताना पुढचं वाक्य टाकतो. मधला हशा काढला की तोच कसलेला नट घाई करतोय असं वाटतं. हशा ठेवून त्याचा जवळचा चेहरा दाखवला तर वाक्य विसरल्यासारखा दिसतो. तेव्हा हशा चालू असेपर्यंत दूरचा शॉट आणि वाक्याच्या किंचित आधी चेहरा.

आता मूळ गोष्ट. शेवटच्या अंकात मुलगा वावर विकून घरी येतो, आईला सांगतो. आई काहीच बोलत नाही. सोळा सेकंद, म्हणजे 400 फ्रेम. त्या रात्री मांडवात हूं की चूं नव्हतं. मालकांचं म्हणणं, "चारच्या वर ठेवू नका, लोक पुढे सरकवतात." प्रेक्षक कुठे पुढे सरकवतात ते दाखवणारा मोबाइलवरचा आलेख बघून नाटक कापायला सांगणाऱ्यांना आलेख कळतो, नाटक कळत नाही. मी चार सेकंदांची आणि पूर्ण सोळा सेकंदांची, अशा दोन आवृत्त्या केल्या. जिथे प्रयोग झाला त्याच गावात, आरमोरीच्या बाजूला, ग्रामपंचायतीसमोर पांढऱ्या कापडावर दोन्ही दाखवायच्या ठरल्या.

चार सेकंदांची लावली. कोणी हललं नाही. आई गप्प आहे हे लोकांनी पाहिलं, पण ती का गप्प आहे तिकडे जायला त्यांना वेळच मिळाला नाही. मागची एक मुलगी तर म्हणाली, आई रागावून निघून गेली.

मग सोळा सेकंदांची. सहाव्या सेकंदाला मागून ओरड आली, "आवाज गेला जी!" दोघं उठून स्पीकरच्या वायरी पाहू लागले. प्रवेश संपला तो त्या गडबडीतच.

त्याचं कारण मिक्सरवर सापडलं. संवाद नाही म्हणून साउंडवाल्याने त्या वेळी माइक पूर्ण खाली घेतले होते. त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये उरलं होतं निव्वळ शून्य. मांडवातल्या शांततेत जनरेटरची घरघर होती, कोणाचा खोकला होता, एका पोराचं किरकिरणं होतं. दुसरं कारण चित्रात होतं. सोळाही सेकंद दूरचा शॉट होता. मांडवात प्रत्येक जण स्वतःच्या नजरेने आईकडे, मग मुलाकडे, परत आईकडे जातो. पडद्यावर ती नजर संकलकाला फिरवावी लागते. दूरच्या शॉटमध्ये चेहरा वाचता येत नाही, चार सेकंदांत त्यातलं बघण्यासारखं संपतं आणि माणूस बिघाड शोधू लागतो.

चहा होईपर्यंत तिथेच लॅपटॉपवर तिसरी आवृत्ती केली. मागच्या कॅमेऱ्याच्या माइकमधली मांडवाची गुणगुण शांततेखाली अगदी हळू पसरली. दूरचा शॉट पाच सेकंद, आईचा चेहरा सहा, प्रेक्षकांतली एक म्हातारी चार, परत आई चार. एकूण 19 सेकंद, म्हणजे घड्याळाने तीन सेकंद लांब. या वेळी वायरीकडे कोणी गेलं नाही. बाया डोळ्यांना पदर लावत होत्या. गावच्या माणसाला सगळं भरभर लागतं, असं शहरात बसून सांगणाऱ्यांनी तेव्हा तिथे असायला हवं होतं.

पण पडद्यावरची ती म्हातारी समोरच बसली होती. प्रवेश संपल्यावर म्हणाली, "मी तवा रडत नोती जी. नातवाले थंडी वाजत होती, त्याच्याकडं पायत होती." खरंच होतं. तो शॉट तासभर आधीच्या गाण्यातला. 1920 च्या आसपास रशियात लेव्ह कुलेशोव्ह या चित्रपट दिग्दर्शकाने एकाच नटाचा तोच निर्विकार चेहरा सुपाच्या थाळीनंतर, शवपेटीनंतर आणि एका बाईनंतर जोडला, आणि बघणाऱ्यांना त्यात भूक, दुःख, वासना दिसली. आमचा सगळा धंदा त्यावर चालतो. तेवढंच असतं तर मी विसरलो असतो.

तिच्या शेजारची बाई मात्र ठाम होती. "रडलीच होतीस वो तू, मी होती ना बाजूले." ती प्रयोगाला हजर होती. तिने त्या रात्री जे डोळ्यांनी पाहिलं, त्याच्यावर माझे चार सेकंद येऊन बसले. थोड्या वेळाने म्हातारीच म्हणाली, "असंल बा." चित्राचा अर्थ बदलणं मला नवं नाही. हजर माणसाची आठवण बदलली, आणि तीही दुसऱ्या बाईच्या चेहऱ्याबद्दलची, हे मात्र मनातून जात नाही.

शॉट नुसता काढूनही भागत नाही. आईच्या चेहऱ्याचा कॅमेरा हातातला होता, सहा सेकंदांनंतर त्याला जोराचा झटका बसलाय आणि म्हातारी नेमकी त्याच्यावर झाकण आहे. प्रेक्षकांवर ठेवलेल्या कॅमेऱ्याचा मुलगा तेव्हा कॅमेरा बंद करून चहाला गेला होता, त्यामुळे त्या क्षणाचा खरा चेहरा एकही नाही. सध्या म्हातारीच्या जागी मुलाची खांद्यामागून दिसणारी बाजू तीन सेकंद टाकली आहे. तो शॉट त्याच क्षणाचा आहे, पण त्यात आई बाजूला पडते आणि जोर कमी होतो. मालकांना हीच 18 सेकंदांची आवृत्ती पाठवतोय. पुढच्या हंगामासाठी कॅमेरावाल्यांना लिहून दिलंय: शेवटचा अंक सुरू झाल्यापासून पडदा पडेपर्यंत तिसरा कॅमेरा प्रेक्षकांवरून हलवायचा नाही, बॅटरी अंकाआधी बदलायची, आणि साउंडवाल्याने माइक कितीही खाली घेतले तरी मांडवाचा एक वेगळा माइक रात्रभर चालू ठेवायचा.