ढकलतो कोण?

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने लिहायचे तर मला विज्ञानाच्या सरांच्या एका ठरलेल्या प्रश्नावरच लिहिले पाहिजे : ढकलतो कोण? द्रायूंचा, म्हणजे द्रव आणि वायूंचा, संपूर्ण धडा त्यांनी या प्रश्नावर उभा केला होता, आणि आज ठिबक सिंचनाचे आराखडे करताना कुठे अडले की सूत्रांकडे वळण्याआधी मी हाच प्रश्न विचारून पाहतो.

सुरुवात विहिरीपासून झाली, कारण वर्गातील बहुतेकांच्या घरी विहीर होती. उन्हाळ्यात पाणी खोल गेले की काठावरची मोटर पाणी उचलेनाशी होते आणि ती विहिरीतल्या टप्प्यावर उतरवावी लागते, हे आम्ही नेहमी पाहत असू. मात्र जास्त हॉर्सपॉवरचा पंप घेतला तर हे कष्ट वाचतील, अशी सर्वांची खात्री होती. सरांनी समजावले की पंप सक्शन पाइपातील दाब केवळ कमी करतो. पाण्याला वर ढकलते ती विहिरीतील पाण्यावर दाब देणारी बाहेरची हवा. पाइपात पूर्ण निर्वात पोकळी केली, तरी समुद्रसपाटीला ही हवा पाण्याचा सुमारे 10.3 मीटर उंचीचा स्तंभ तोलते, त्याहून वीतभरही अधिक नाही. इ.स. 1643 च्या सुमारास टॉरिसेलीने पाण्याच्या 13.6 पट घनतेचा पारा घेतला आणि तो नळीत 76 सेंटिमीटरच्या आसपास थांबला, तो याच हिशेबाने. आमचे गाव पठारावर, 600 मीटर उंचीवर. तिथे ही मर्यादा साडेनऊ मीटरच्या जवळ येते, आणि पाइपातील घर्षण, पाइपाच्या तळाशी बसवलेल्या फूट व्हॉल्व्हचा (पाणी परत खाली जाऊ न देणाऱ्या झडपेचा) अडथळा व कमी दाबात पाण्याची होणारी वाफ जमेस धरली तर प्रत्यक्षात सहा-सात मीटरांवर समाधान मानावे लागते. हॉर्सपॉवर वाढवल्याने पंपाच्या पुढची उंची वाढते, मागची नाही. (हे मी अनेक अनुभवी बागायतदारांना अजून पटवू शकलेलो नाही.)

प्लावक बलाचा पाठ त्या मानाने लवकर आटोपला. ताणकाट्याला बांधलेला काळा दगड बादलीत बुडवला, तेव्हा काटा 600 ग्रॅमवरून जवळजवळ 400 वर आला. इथे ढकलतो कोण, तर पाणीच : खोलीबरोबर दाब वाढत असल्याने दगडाच्या तळाला वरच्या बाजूपेक्षा अधिक जोराचा रेटा बसतो, आणि दोहोंतील फरक बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका असतो. आर्किमिडीजचे तत्त्व आम्ही आधीच पाठ केले होते. ते तसे का, हे त्या दिवशी उमगले.

खरी कसोटी वाहत्या पाण्याची होती. मध्ये अरुंद केलेल्या काचेच्या नळीला सरांनी तीन उभ्या नळ्या जोडल्या होत्या, आणि अरुंद भागावरच्या नळीत पाणी सर्वांत वर चढेल, असे आम्ही एकमुखाने सांगितले, कारण चिंचोळ्या जागेत पाणी दाटते असाच आमचा समज होता. पाणी तिथे सर्वांत खाली राहिले. अरुंद भागात शिरताना पाण्याचा वेग वाढतो. वेग वाढायचा तर मागून रेटा अधिक हवा, म्हणजे मागे दाब जास्त आणि पुढे कमी. बर्नुलीचे समीकरण मी पुढे महाविद्यालयात सिद्ध केले, पण त्यातला कार्यकारणभाव त्या नळीने आधीच शिकवला होता.

ठिबकच्या संचात खत सोडण्यासाठी बसवतात ती व्हेंच्युरी म्हणजे हीच नळी. गळ्यापाशी दाब वातावरणाच्या दाबाखाली गेला की पिंपातील द्रावणाला बाहेरची हवाच आत ढकलते. व्हेंच्युरी खत घेत नाही अशी तक्रार आली, की मी आधी तिच्या दोन्ही बाजूंचे दाबमापक पाहतो. त्यांच्यातील फरक अपुरा असेल तर मुख्य पाइपावरचा व्हॉल्व्ह थोडा आवळून अधिक पाणी व्हेंच्युरीकडे वळवले की बहुधा काम होते.