एडमंटन : सात घुमट आणि पासष्टीचा चित्रकार

मार्च संपत आला होता, तरी कॅनडातल्या एडमंटनमध्ये फुटपाथच्या कडेला बर्फाचे काळपट ढिगारे तसेच होते. मावसभावाकडे आठवडाभर मुक्काम होता. भाजी आणायला वहिनींबरोबर गाडीतून ९७व्या रस्त्यानं निघालो आणि लाल विटांचं एक चर्च दिसलं. त्याला सात घुमट. मी गाडी थांबवायला सांगितली.

"रोज इथूनच कामाला जाते भाऊजी, आत मात्र कधी गेले नाही," वहिनी म्हणाल्या.

हे सेंट जोसाफात कॅथेड्रल, युक्रेनियन कॅथलिकांचं. फिलिप रू नावाच्या धर्मगुरूनं याचा आराखडा केला आणि १९३९ ते १९४७ या काळात ते बांधलं गेलं. दार उघडं होतं. आत एक आजी मेणबत्त्यांचे स्टँड पुसत होत्या. त्यांनी मानेनंच या म्हटलं.

आत गेल्यावर मान वर गेली ती बराच वेळ खाली येईना. भिंती, कमानी, छत, घुमटाचा आतला भाग, सगळं रंगवलेलं. संत, देवदूत, बायबलमधले प्रसंग आणि त्यांच्यामधून फिरणाऱ्या नक्षीच्या पट्ट्या. कुठेही उरकून टाकल्याची खूण नाही. जिथं कुणाची नजर जाणार नाही अशा कोपऱ्यातली वेलबुट्टीसुद्धा नेटकी. मला मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यातल्या भिंती आठवल्या. तिथंही मी असाच मान दुखेपर्यंत उभा राहिलो होतो.

हे काम युलियान बुत्समान्यूक यांचं. १९५१ ते १९५६. त्यांचा जन्म १८८५चा, म्हणजे कामाला हात घातला तेव्हा ते पासष्टीत होते आणि पूर्ण झालं तेव्हा सत्तरी ओलांडलेली. परांचीवर चढउतार करत, डोकं मागे टाकून, वर धरलेल्या हातानं रंगवायचं हे काम. भिंतीसमोर उभं राहिल्यावर हे वय मनातून जाईना.

आणि ही त्यांची पहिली मोठी भिंत नव्हती. गॅलिशियातल्या, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनच्या भागातल्या, स्मोलिन गावचा हा मुलगा मोदेस्त सोसेन्को यांच्या हाताखाली भिंती रंगवायला शिकला, मग पोलंडमधल्या क्राकोच्या कला अकादमीत गेला. पहिल्या महायुद्धानंतर युक्रेनियन गॅलिशियन सैन्यात लढला, पुढे प्रागमध्ये पुन्हा शिकायला बसला. पश्चिम युक्रेनमधल्या ल्विव्ह शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर झोव्क्वा हे गाव आहे. तिथल्या बाझिलियन (संत बाझिलच्या पंथाच्या) मठाच्या चर्चमध्ये त्यांनी १९१०च्या सुमाराला काम सुरू केलं. पहिल्या महायुद्धानं ते मध्येच थांबवलं, १९३०च्या दशकात त्यांनी ते पुन्हा हाती घेतलं आणि १९३९पर्यंत नेलं. धर्मकथांच्या बरोबरीनं त्या भिंतींवर त्यांनी युक्रेनचा इतिहासही आणला, त्यातली माणसंही.

मग दुसरं महायुद्ध आलं. १९४४मध्ये ते देश सोडून पश्चिमेकडे निघाले आणि १९५०मध्ये कॅनडात पोचले. मागे सोव्हिएत काळात झोव्क्वाचं ते चर्च बंद झालं आणि गोदाम म्हणून वापरलं गेलं. ज्या भिंतींवर उमेदीची वर्षं गेली, त्यांच्यापुढे आता पोती आणि खोकी. चित्रं मात्र टिकली. बुत्समान्यूक १९६७मध्ये एडमंटनमध्येच वारले.

आयुष्याचं काम सीमेपलीकडे कुलपात अडकलेलं असताना, नव्या देशात नवी कोरी भिंत पाहून या माणसानं पुन्हा ब्रश उचलला, याचं मला फार अप्रूप वाटतं. इथं भक्तही ओळखीचेच होते म्हणा. १८९०च्या दशकापासून युक्रेनियन शेतकरी एडमंटन ज्या प्रांतात आहे त्या अल्बर्टात येऊन स्थिरावले होते. त्यांच्या गवताळ माळांवरच्या लाकडी चर्चनाही चित्रकार हवेच असत. पीटर लिपिन्स्की हे गॅलिशियातूनच आलेले दुसरे चित्रकार. त्यांनी अल्बर्टातली अशी कितीतरी छोटी चर्च आतून रंगवली. हे नावही आपल्याकडे कुणाला माहीत नसतं.

आजींनी मध्येच आमच्याकडे पाहिलं आणि थोड्या इंग्रजीत सांगितलं, की रविवारी आलात तर गाणं ऐकाल. इथं उपासनेत वाद्य नसतं, सगळं गळ्यानं. वहिनी तोवर एका खांबाजवळ उभ्या होत्या, बोट न लावता नक्षीचा एक पट्टा खालपासून वरपर्यंत नजरेनं मोजत.

भाजी राहिलीच होती. गाडीत बसताना वहिनींनी मोबाइल काढला आणि रविवारच्या उपासनेची वेळ शोधायला लागल्या.