मांजराची क्रीमी ट्यूब घेताय? पाकीट आधी उलटं करून बघा की

आमच्या बेळगावात टिळकवाडीत जावा नाहीतर शहापुरात, पेट शॉपच्या काउंटरवर आता ह्या क्रीमी ट्रीटच्या ट्यूब लटकलेल्या असतातच, आणि हल्ली तर किराणा दुकानात पण दिसायला लागल्यात. चार ट्यूबचं पाकीट, एक ट्यूब 14-15 ग्रॅमची, म्हणजे सगळं मिळून साठ ग्रॅमच्या आत, आणि किंमत आमच्याकडं शंभरच्या आसपास. किलोचा हिशोब केला तर दीड हजाराच्या वर जातंय, एवढ्यात किती चिकन येईल बघा. गल्लीतले लोक मला विचारतात कुठली चांगली, चुरू घेऊ का मी-ओ घेऊ, कारण आमच्या घरात मांजरं कायमच आहेत. मी म्हणते कंपनी नंतर, आधी पाकीट उलटं करा.

तिथंच पहिली अडचण. हा माल बराचसा थायलंड-जपानकडून येतोय, त्यामुळं मागं आयात करणाऱ्याचा पांढरा स्टिकर मारलेला असतोय, किंमत आणि तारीख लिहिलेला, आणि तो नेमका घटकांच्या यादीवरच चिकटवलेला. खालची अक्षरं मोहरीएवढी. नखानं कोपरा उचलून बघावं लागतंय. मी सरळ दुकानदाराला म्हणते, मामा हे जरा काढून बघते, आणि तो पण नाही म्हणत नाही. वाचताच येत नसेल तर मी ते पाकीट घेत नाही, कारण आत काय आहे हे समजून घेण्याची तीच एक जागा आहे. पुढच्या बाजूचा टूना माशाचा चकचकीत फोटो काहीच सांगत नाही.

आता यादी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात, जे जास्त ते आधी. बहुतेक ट्यूबवर पहिलं नाव पाण्याचं असतंय आणि लोक तिथंच चिडतात, एवढे पैसे पाण्याला का म्हणून. पण मांजराच्या बाबतीत पाणी ही तक्रारीची गोष्ट नाही हो. मांजराचे पूर्वज कोरड्या वाळवंटी मुलखातले, पाणी मिळायचं ते शिकारीच्या मांसातूनच, म्हणून आजची घरातली मांजरं पण वाटीकडं कमीच जातात. नुसत्या कोरड्या खाण्यावर असलेल्या म्हाताऱ्या मांजराच्या पोटात ह्या निमित्तानं थोडं पाणी जातंय, ते चांगलंच आहे.

मी बघते ते दुसरं नाव. तिथं प्राण्याचं नाव स्पष्ट पाहिजे. चिकन, टूना, सामन, बोनिटो, काहीही चालेल पण नाव पाहिजे. नुसतं 'मीट अँड अ‍ॅनिमल डेरिव्हेटिव्हज' लिहिलं असेल तर त्यात काळीज-फुप्फुस काहीही असू शकतंय, आणि काळीज वाईट असतंय असं मी म्हणत नाही, उलट मांजराला ते आवडतंय आणि मोजकं असेल तर चांगलंच. पण कुठल्या प्राण्याचं ते कळत नाही आणि प्रत्येक लॉटला बदलू शकतंय. उद्या तुमच्या मांजराला खाज सुटली, कानामागचे केस जायला लागले, तर डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार, काय काय खाल्लंय? मग काय सांगणार? तसंच 'चिकन' वेगळं आणि 'चिकन फ्लेवर' वेगळं, फ्लेवर म्हणजे वासापुरतं.

मग येतात घट्टपणा आणणारे पदार्थ, इथं लोक उगीच घाबरतात. टॅपिओका स्टार्च म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो त्याचाच स्टार्च. ग्वार गम गवारीच्या बियांपासून बनतो, आणि जगात सगळ्यात जास्त गवार आपल्याच देशात पिकते, राजस्थानात. ह्या गोष्टी चिमूटभर असल्या तर काही बिघडत नाही, त्यांच्याशिवाय ती क्रीम राहणारच नाही, पाणी आणि चोथा वेगळा होईल. बघायचं एवढंच की स्टार्च मांसाच्या आधी तर नाही ना. आधी असेल तर तुम्ही खळ विकत घेताय, टूनाच्या वासाची खळ. कॅराजीनन म्हणजे समुद्री शेवाळातून काढलेला घट्टपणा आणणारा पदार्थ, त्याबद्दल जाणकारांच्यातच मतभेद आहेत, ज्या मांजराचं पोट नाजूक आहे त्याला मी ते देत नाही.

टूनाच्या ट्यूबवर व्हिटॅमिन ई असतंय का ते आवर्जून बघा. मांजराला बरेच दिवस तेलकट मासा जास्त आणि व्हिटॅमिन ई कमी मिळालं तर अंगातली चरबी सुजून दुखायला लागते, हात लावला तरी मांजर ओरडतंय, हा आजार जुना आणि चांगला माहीत असलेला आहे. म्हणून मासा असेल तिथं व्हिटॅमिन ई असणं ही बनवणाऱ्यानं विचार केल्याची खूण मी मानते.

टॉरीनची गोष्ट थोडी वेगळी. टॉरीन म्हणजे मांस-माशात असणारं एक अमिनो आम्ल, मांजराचं शरीर ते पुरेसं बनवू शकत नाही, खाण्यातूनच यावं लागतंय. 1987 साली अमेरिकेत संशोधकांनी दाखवून दिलं की टॉरीन कमी पडल्यानं मांजरांचं हृदय मोठं होऊन कमजोर पडतंय, आणि त्यानंतर तयार कॅटफूडमधे टॉरीन वाढवलं गेलं. डोळ्याचा पडदा पण त्याच्या कमतरतेनं खराब होतो. आता ट्यूबवर टॉरीन लिहिलं म्हणून ती जेवण होत नाही. त्यासाठी 'कम्प्लीट' हा शब्द शोधायचा. बहुतेक ट्यूबवर 'कॉम्प्लिमेंटरी' नाहीतर 'ट्रीट' असंच असतंय, म्हणजे पूर्ण आहार नाही, वरचा खाऊ.

प्रोटीनचा आकडा बघून पण फसायला होतंय. ट्यूबवर प्रोटीन 7 टक्के आणि कोरड्या खाण्यावर 30 टक्के, की वाटतंय ट्यूब एकदमच फालतू. पण पाणी बाजूला काढा. ट्यूबमधे ओलावा 91 टक्के असेल तर कोरडा भाग उरला 9, त्यात 7 प्रोटीन, म्हणजे जवळजवळ 78 टक्के. कोरड्या खाण्यात ओलावा 10, उरले 90, त्यात 30, म्हणजे 33 टक्के. आणि दुसऱ्या एखाद्या ट्यूबवर पण प्रोटीन 7 च असेल पण ओलावा 85, तर तिथं 47 टक्क्यांच्या आसपासच येतंय, बाकीचं बहुतेक स्टार्च नाहीतर चरबी. दोन्ही पाकिटांवर सात आणि सातच, पण आत केवढा फरक. मोबाईलमधे कॅल्क्युलेटर असतोच, दुकानातच करून बघा.

काही नावं दिसली की मी पाकीट परत ठेवते. कांदा किंवा लसूण पावडर पहिली, त्यानं मांजराच्या लाल पेशी फुटतात, आणि पावडरीत ते सगळं एकवटलेलं असतंय (घरातला मटणाचा रस्सा बोटावर घेऊन चाटवणाऱ्यांनी पण हे लक्षात ठेवा). साखर आणि रंग पण नको. मांजराला गोड चव कळतच नाही, त्यासाठी लागणारं जनुक त्यांच्यात बंद पडलेलं आहे, हे 2005 साली सिद्ध झालंय, मग ती साखर आणि तो गुलाबी रंग कुणासाठी, तर विकत घेणाऱ्यासाठी. प्रॉपिलीन ग्लायकॉल, म्हणजे खाणं ओलसर ठेवायला घालतात ते रसायन, तर अमेरिकेनं 1996 पासून कॅटफूडमधे बंदच केलंय. आणि किडनीचं दुखणं असलेल्या मांजराला वरून घातलेली फॉस्फेटं असलेली ट्यूब डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका.

किती द्यायची? वरचा खाऊ दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा असतोय. चार किलोच्या घरातल्या मांजराला दिवसाला दोनशेच्या आसपास कॅलरी लागतात, म्हणजे वीसच्या आत. काही ट्यूबवर सहाच कॅलरी लिहिलेल्या असतात, काहींवर जास्त, वाचूनच ठरवा. पण मला कॅलरीपेक्षा सवयीची काळजी वाटते. समोरच्या काकू परवा सांगत होत्या, "अगं, ट्यूब वर घातल्याशिवाय ताटलीला तोंडच लावत नाही बघ, उपाशी ठेवते दोन-तीन दिवस, खाईल की गप." मी म्हटलं काकू, असं अजिबात करू नका. मांजर, त्यात जाड मांजर, दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर अंगातली चरबी लिव्हरमधे साठून जिवावर बेततंय. ट्यूब बंद करायची तर रोज थोडी थोडी कमी करायची, आणि खाणं पूर्णच सुटलं तर एका दिवसात डॉक्टर गाठायचा.

मी स्वतः आता विकतची ट्यूब नखं कापायला आणि प्रवासाला ठेवते, एरवी घरीच करते. बोनलेस चिकन बिनमिठाचं उकडायचं, हळद नाही, आलं-लसूण नाही, आणि त्याच उकडलेल्या पाण्यात मिक्सरला एकदम गंधासारखं बारीक वाटायचं. मासा पाहिजे तर कारवार-गोव्याकडून आपल्याकडं बांगडा येतोच, तो उकडून एकेक काटा बोटानं चाचपून काढायचा. कच्चा मासा मात्र देऊ नका, काही माशांत व्हिटॅमिन बी-1 नष्ट करणारं एन्झाइम असतंय, ते शिजवल्यावरच मरतंय. खारवलेला सुका मासा पण नको, मीठ केवढं असतंय त्यात. तयार झालेलं बर्फाच्या ट्रेमधे गोठवायचं आणि एक खडा वाटीत घालून ती वाटी गरम पाण्यात धरायची, कोमट झालं की वास सुटतो आणि मांजर स्वतःच स्वयंपाकघरात येतंय. हे पण पूर्ण जेवण नाही, ह्यात कॅल्शियम नाही, खाऊच आहे.

गोळी द्यायला ट्यूब एकदम उपयोगी, पण प्रत्येक गोळी कुस्करून चालत नाही, काही फार कडू असतात आणि एकदा तोंडाला फेस आला की ते मांजर त्या चवीची ट्यूब परत हुंगत पण नाही, म्हणून गोळी लिहून देतानाच डॉक्टरांना विचारून घ्या. फोडलेली ट्यूब उरली तर तोंड दुमडून क्लिप लावून फ्रिजमधे, दुसऱ्या दिवशी संपवायची नाहीतर टाकून द्यायची. आणि न फोडलेली ट्यूब फुगलेली दिसली तर वास बघत बसू नका, दुकानात परत द्या.